बाण दिसेल असं घर

करंज्याच्या रानात तुम्ही उभे आहात. साल 1700, एप्रिलची 13 तारीख, सकाळची वेळ. पुढे कधीतरी इथं सातारकरांचे बंगले उठणार आहेत, पण आत्ता नजर पोहोचेल तिथवर राहुट्या, उंटांचा वास आणि मधोमध औरंगजेबाचा डेरा. लढाईशी तुमचा काही संबंध नाही. तुम्ही घर बघायला आलाय आणि तुमची अट एकच आहे: दारातून आग आभाळात चढताना दिसली पाहिजे.

हौस जगावेगळी नाही. फ्लोरिडातल्या टायटसव्हिल गावात लोक याच अटीवर घरं बघतात. पाण्यापलीकडे यान उठताना दिसतं आणि त्याची गडगड गावात पोहोचायला जवळजवळ मिनिट लागतं. आपल्याकडे श्रीहरिकोट्याला 2019 पासून उड्डाण बघायला पाच हजार माणसं बसतील अशी जागा आहे. पण ते पडलं पूर्व किनाऱ्यावर. सातारा-सांगलीच्या गच्चीवरून मान कितीही उंचावली तरी ते दिसायचं नाही. म्हणून तुम्हाला मागं यावं लागलं. या मुलखात रॉकेटला जुना शब्द आहे, बाण. लोखंडी नळी, तिच्यात ठासलेली दारू, नळीला बांधलेला बांबू. दिवाळीच्या बाटलीतलं रॉकेट हा त्याचाच नातू. मोगलांकडं बाण होते, मराठ्यांकडंही होते.

आता जागा बघू. साताऱ्याच्या गडाच्या चारी अंगांना चार बिऱ्हाडं पडलीयत. उत्तरेला करंज्यात खुद्द बादशहा. पश्चिमेला शहजादा आज्जम, त्याच्या तळावरून तिथल्या गावाला पुढं शहापूर म्हणू लागले. दक्षिणेला शिरजीखान, पूर्वेला तरबियतखान. देखावा म्हणाल तर तरबियतखानाची जागा पहिल्या नंबरची, कारण सुरुंग त्याचेच आहेत. गडाचा ईशान्येचा कोपरा त्यानं हेरलाय. तिथं कातळच 42 फूट उंच आणि त्यावर 25 फुटांचा चिरेबंदी बुरुज. 67 फुटांची ही भिंत बारूद भरून उडवायची आहे.

डिसेंबरपासून वेढा आहे. वरून धोंडे लोटले जातायत आणि खालची माणसं चिरडतायत. राजाराम महाराज गेल्या महिन्यात सिंहगडावर वारले. किल्लेदार प्रयागजी प्रभू मात्र दार उघडायला तयार नाही.

आज बादशहाला सुरुंग उडताना स्वतः बघायचाय. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, पण हौस तुमच्यासारखीच. त्याची मिरवणूक निघते, झुली घातलेले हत्ती, निशाणं, नगारे. इतिहासकार ग्रँट डफनं हे लिहून ठेवलंय: तो थाट बघायला गडावरची माणसं तटावर धावली. तुम्ही खालून बघताय, तटाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग लागलीय. वरून काय दिसत असेल! आपण तिथं असायला हवं होतं, असं क्षणभर तुमच्याही मनात येतं.

मग कोपरा फुगल्यासारखा दिसतो. आवाज अजून आलेला नाही. तुम्ही मनात आकडे मोजता, सहाच्या पुढं गेल्यावर धमाका कानावर आदळतो. पहिल्या सुरुंगानं भिंत आत कोसळली, तटावर बघायला आलेल्यांच्या अंगावर. प्रयागजीही त्यात गाडला गेला. पुढं भवानीच्या देवळाजवळच्या ढिगाऱ्यातून त्याला जिवंत बाहेर काढतील. दुसरा सुरुंग मात्र उलटला. अख्खी दरड बाहेरच्या अंगाला सुटली आणि चढाईसाठी पायथ्याशी दाटून उभ्या असलेल्या मोगली फौजेवर आली. सुमारे दोन हजार माणसं. तरबियतखानाची पहिल्या नंबरची जागा धुळीत दिसेनाशी झाली.

आठ दिवसांनी, 21 एप्रिलला, गड मोगलांच्या हाती गेला आणि त्याला आज्जमतारा नाव मिळालं. तोवर तुम्ही करंज्याची जागा नापसंत करून पूर्वेला जरंड्याच्या डोंगरावर जाऊन बघितलंय. तिथून दहा-बारा किलोमीटरवरचा गड म्हणजे अंगठ्याएवढा ठसा, त्यावर धुराचं बोंड, आणि अर्ध्या मिनिटानं, माणूस दुसरं काही बोलायला लागल्यावर, एक मऊ ढप्प. जिवाला धोका शून्य आणि मजाही शून्य. एवढ्या लांबून बघण्यापेक्षा ऐकीव बातमी बरी.

पुढची जागा तासगावात, साल 1792. इथं फार रेंगाळू नका. परशुरामभाऊ पटवर्धनांनी 1779 मध्ये हाती घेतलेलं गणपतीचं देऊळ अजून बांधून संपायचंय, आणि भाऊंची फौज नुकतीच टिपूवरच्या मोहिमेतून मोकळी झालीय. ओसरीवर बसलेल्या कुठल्याही स्वाराला विचारा, बाण कुठून बघावा? तो हसेल. त्या मोहिमेत धारवाडचा वेढा सहा महिन्यांवर चालला होता आणि म्हैसूरकरांचे बाण तर नावाजलेलेच. बाण जमिनीवर सरपटतो, उसळी घेतो, वळतो, घोडी उधळतात. तो कुणाकडं येणार हे सोडणाऱ्यालाही धड माहीत नसतं. ही नळी पुढं 1799 नंतर विलायतेला गेली आणि काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजानं तिच्यावरून आपली बनवली. ते असो. या स्वाराला खिडकी नकोच आहे, त्याला भिंत हवीय.

आणि आता कवठे एकंद. तासगाव तालुका, सांगलीहून तासगावला जाणारा रस्ता, दसऱ्याची रात्र. वर्ष चालू, म्हणजे तुमचंच. सिद्धराज महाराज आणि बिरदसिद्ध यांच्या पालख्या निघाल्यात आणि गाव रात्रभर त्यांच्यापुढं दारूकाम करणार आहे. औट उडतायत, शिंगटं फुलतायत, चौकाचौकांत झाडकाम उजळतंय. इथं बाण युद्धाचा नाही, देवाचा आहे. पण सोरा, गंधक आणि कोळसा तोच. ही दारू लाड करून घेत नाही. 2015 च्या मे महिन्यात याच गावातल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली.

घर निवडायचं तर इथं खरी परीक्षा आहे. पालखीच्या वाटेवरचं घर घेतलं तर ठिणग्या थेट उंबऱ्यात. मागच्या आळीतलं घेतलं तर नुसता उजेड भिंतीवर नाचतो. शेजारी कडब्याची गंज असेल तर घर कितीही स्वस्त मिळो, पुढं चला. जुनं माळवद असतं तर मातीच्या धाब्याला ठिणगीची भीती नव्हती, आता स्लॅबवर पाण्याची प्लॅस्टिकची टाकी असते. आणि तिथीचा हिशोब करा. दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटून तास-दोन तासांनी मावळतो आणि तोवर तो पश्चिमेला लोंबत असतो. म्हणून मोकळी बाजू पूर्वेला असलेली गच्ची घ्यावी. परतीचा पाऊस आला तर हिशोब सगळा पाण्यात, पण तो कुठल्याच दलालाच्या हातात नाही.

तुम्ही एका जिन्यापाशी थबकता. वरून आवाज येतो.

"या की पावनं, वर या. जिना अंधारा हाय, भिताडाला धरून या."

गच्चीवर सतरंज्या, चिवड्याचे डबे, माहेरी आलेल्या लेकी, पेंगुळलेली पोरं. हाक मारणाऱ्या आक्का तुम्हाला वायव्येच्या कोपऱ्यातून दंडाला धरून मागं ओढतात.

"थितं नगा हुबं ऱ्हाऊ. थितनं लई भारी दिसतंय, पर थितंच येतंय बी."

तुम्ही दोन हात मागं सरता. चौकात काहीतरी पेटतं. उजेड आधी येतो, आवाज जवळजवळ त्याच्याबरोबरच. आकडा मोजायला वेळच नाही. एक बाण सरळ वर जातो, थांबल्यासारखा होतो आणि विझता विझता तुमच्या डोक्यावरून कलतो. पोरं ओरडतात. आक्का पदरानं डोकं झाकून घेतात, पण जागची हलत नाहीत.

पहाटे पालख्या देवळाकडं वळतात. धुरानं घसा धरलाय. आक्का खराटा घेऊन गच्चीवरच्या जळक्या काड्या गोळा करतायत, सुपात भरून चुलीजवळ ठेवायला. तुम्ही धीर करून विचारता, हे घर विकायचं आहे का?

"इकायचं? आन् दसऱ्याला लेकी कुटं यायच्या मग?" त्या सूप कमरेवर घेतात. "फुडल्या साली या. जागा धरून ठिवते, दोन हात मागंच."