चिलखत (वेशभूषेचे, घरगुती यंत्रांवर घडवलेले)

नाटक, मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा कॉस्प्ले यांसाठी बनवलेला, अंगावर चढवून वावरता येईल असा युद्धवेश. तो थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, रेडियम कटिंगचे यंत्र, शिलाई मशीन अशा घरात किंवा लहान दुकानात मावणाऱ्या यंत्रांवर तयार होतो. शस्त्राचा वार झेलणे हे त्याचे काम नव्हे. या प्रकारातले तयार आराखडे बहुतेक हॉलिवूडच्या आयर्न मॅनचे किंवा युरोपीय सरदाराचे मिळतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात बसून हे काम करणाऱ्याने मात्र आधी दख्खनी चिलखताकडे वळावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. त्यामागे अभिमान आहेच, पण खरे कारण तांत्रिक आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्याला १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा किल्ला लढवणारी चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली. अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हाती उपसलेली तलवार अशी तिची मूर्ती इतिहासग्रंथांनी रंगवली आहे. रातोरात खिंडार बुजवले गेले आणि १५९६ मध्ये तह होऊन वेढा उठला. नगरच्या शाळेत कुणा मुलीला चांदबीबी व्हायचे असेल, तर चिलखताशिवाय ते सोंग पुरे होत नाही. धातूकामातही हे शहर मागे नव्हते. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. आज चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही.

रचना : दख्खनेत आणि उत्तरेत वापरात असलेल्या चिलखताचा पाया म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवलेली असते, म्हणून जाळी कापडागत अंगावर पडते. तिच्यावर चारआईना बांधतात : छातीला एक, पाठीला एक आणि बगलेखाली दोन अशा चार पत्र्यांचा संच, पट्ट्यांनी जोडलेला. बगलेच्या पत्र्यांना वरून अर्धगोल काप असतो, त्यामुळे हात मोकळा फिरतो. हाताला कोपरापर्यंत दस्ताना. डोक्याला टोकदार शिरस्त्राण, त्याला वरखाली सरकणारी नाकपट्टी आणि खांद्यापर्यंत उतरणारी जाळीची झालर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे-चिलखते जवळून पाहता येतात. आराखडा काढण्यापूर्वी एक फेरी मारावीच. पत्र्याची कड कुठे बाहेर वळवली आहे आणि पट्टा कुठल्या कोनात ओढला आहे, हे छायाचित्रातून कळत नाही.

घरगुती प्रिंटरला हीच रचना मानवते. साध्या यंत्राचा पाट साधारण २२० मिमी लांब-रुंद असतो. युरोपीय पद्धतीचे सलग उरस्त्राण त्यावर मावत नाही. त्याचे आठ-दहा तुकडे करून चिकटवावे लागतात, आणि प्रत्येक सांधा पुढे घासून लपवावा लागतो. चारआईन्याचा वीतभर पत्रा मात्र पाटावर सरळ किंवा तिरका ठेवून एका दमात निघतो. शिरस्त्राणाचेही गणित जमते. डोक्याचा घेर ५७ सेंमी असेल तर समोरून मागे लांबी १९–२० सेंमी भरते. अस्तरासाठी दोन्हीकडे एकेक सेंमी सोडला तरी तो लांबट घुमट पाटाच्या कर्णावर आरामात बसतो.

यंत्रे : वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर चढवण्याची पद्धत स्कॉट क्रंप यांनी शोधली, आणि स्ट्रॅटसिस कंपनीकडचे तिचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी स्वतःचेच सुटे भाग छापू शकणाऱ्या रेपरॅप यंत्राचा खुला प्रकल्प सुरू केला होता. पेटंट सुटले, आराखडे खुले होते, आणि कारखान्यातले यंत्र टेबलावर आले. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात, २००२ मध्येच फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली होती. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या या आश्रमाचा पायाच हाताने काम करत शिकणे हा आहे. पुढे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळांमध्येही थ्रीडी प्रिंटर पोहोचले. पोशाख करू पाहणाऱ्या मुलाने शाळेत असे यंत्र धूळ खात पडले आहे का, हे आधी विचारावे.

घडण : पहिले यंत्र म्हणजे शिंप्याची टेप. छाती, बगल ते कंबर, कोपर ते मनगट ही मापे श्वास भरून घ्यावीत. नमुना आधी पुठ्ठ्यावर कापून अंगावर बांधून पाहावा आणि मगच संगणकावर उतरवावा. छपाईला बहुधा पीएलए वापरतात. मका किंवा उसातल्या साखरेपासून बनणारे हे प्लॅस्टिक १.७५ मिमी जाडीच्या तारेच्या रिळावर मिळते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला ते परके वाटायला नको. नोझल ०.४ मिमी, थर ०.२ मिमी आणि पत्र्याची जाडी ३ मिमी पुरते.

पत्रा वाकडा छापू नये, सपाट छापावा. पीएलए ५५–६० अंशांना मऊ पडते. छापलेला पत्रा ६५–७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवला की चामड्यासारखा लवतो. जाड हातमोजे घालून तो पातेल्यावर किंवा पुतळ्याच्या छातीवर दाबून धरायचा आणि गार होऊ द्यायचा. अंगाचा बाक जसाच्या तसा बसतो. छपाईचा वेळ वाचतो, थरांच्या पायऱ्याही दिसत नाहीत.

जाळी प्रिंटरवरही एकात एक गुंतलेली निघते, फक्त कड्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावी लागते. तरी झालरीसाठी हाताने केलेली जाळीच सरस. जीआय तार सळईवर गुंडाळून स्प्रिंग करायची, कटरने कड्या तोडायच्या आणि दोन पकडींनी एकेक ओवायची. काम वेळखाऊ आहे, पण तिचा आवाज आणि पडणे प्लॅस्टिकला साधत नाही. पूर्ण अंगरख्याला हजारो कड्या लागतात, म्हणून दिसेल तेवढ्याच भागाला, म्हणजे बाही, गळा आणि खालची कड यांना, जाळी लावून आत जाड सुती बंडी शिवावी.

शेवटचा हात यंत्राचा नसतो. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून लांबी (पुट्टी) कशी भरतात आणि वॉटर पेपर पाण्यासोबत कसा फिरवतात हे शिकावे. सरफेसर, मग चकचकीत काळा, आणि तो सुकल्यावर फडक्याने ग्रॅफाइटची पूड चोळली की पोलादाची झाक येते, चंदेरी स्प्रेने कधीच न येणारी. पत्र्यावरची सोनेरी वेलबुट्टी नंबरप्लेटच्या दुकानात रेडियममध्ये कापून मिळते. पट्टे, बकला आणि टिचबटणे चामड्याचे काम करणाऱ्याकडून बसवून घ्यावीत. पट्टे कसले की आतल्या बंडीला धरून सगळा भार अंगावर नीट वाटला जातो. घरात प्रिंटर नसेल तर ईव्हीए फोम, हीट गन आणि पायताणांना वापरतात तो चिकटा यांवरही उत्तम, अधिक हलके चिलखत होते. कागदाच्या लगद्याची परंपरा तर त्याहून जुनी आहे : नाशिक, पालघर आणि अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे तशाच लगद्यातून आकार घेत आले आहेत.

अडचणी : शिरस्त्राण छापायला एक ते दोन दिवस लागतात, आणि गावाकडे तेवढा वेळ सलग वीज राहील याची खात्री नसते. यंत्र थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू होते, पण तोवर पाट गार होऊन तुकडा सुटलेला असतो. इन्व्हर्टर जोडावा, नाहीतर काम चार-पाच तासांच्या तुकड्यांत विभागावे. चारआईना इथेही सोयीचा पडतो. दुसरी अडचण उन्हाची. चैत्र-वैशाखात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली पीएलएचा पोशाख आपोआप वाकतो. उन्हाळी यात्रेसाठी पीईटीजी हे प्लॅस्टिक घ्यावे. ते पीएलएपेक्षा जास्त उष्णतेत आकार धरते, मात्र ६५–७० अंशांच्या पाण्यात वाकवण्याची युक्ती त्याला चालत नाही.

घासताना मास्क लावावा आणि पाण्यासोबतच घासावे. लेझरवर रेक्झिन किंवा पीव्हीसी कधीही कापू नये, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. पोशाखातल्या माणसाला दर अर्ध्या तासाने शिरस्त्राण काढून पाणी द्यावे. शिवजयंतीच्या दुचाकी फेरीत छापील शिरस्त्राण घालून गाडी चालवू नये. आयएस ४१५१ प्रमाणित हेल्मेटच डोक्यावर असावे आणि शिरस्त्राण मिरवणुकीच्या ठिकाणी पोहोचल्यावर चढवावे.