तळटीप : अजिंठ्याचे जहाज आणि ‘कौंडिण्य’
* अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील व्यापारी जहाजाचे चित्र पाचव्या शतकातले. त्यावरून गोव्यात बांधलेले शिडाचे ‘कौंडिण्य’ मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. अशा जुन्या जहाजाची मूळची एक फळीही उरली नव्हती, म्हणून हा केवळ कल्पनाविलास, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा. चित्रात पाण्याखालचा भाग आणि सांधे दिसत नाहीत (चित्रकार काही सुतार नव्हता!), तिथे तर्क चालवावा लागला. पण खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या केरळच्या कारागिरांनी जपली आहे आणि इंडोनेशियात बेलितुंगजवळ सापडलेले नवव्या शतकातले व्यापारी जहाजही शिवलेलेच होते. तेव्हा बांधणीची पद्धत पुराव्याला धरून आहे, आकार मात्र अनुमानाचा. जानेवारी २०२६मध्ये हे जहाज पोरबंदरहून मस्कतला पोहोचले.