दोष कुठे नाही? १८५७ची दिल्ली, अटलांटिकची तार आणि माझं इंटरनेट

मागच्या रविवारी आपलं व्याख्यान तीनदा तुटलं, हे बडोद्यापासून बंगळुरूपर्यंत अनेकांनी कळवलं. एकाने लिहिलं, ‘कर्नलसाहेब, सिग्नल कोअरमध्ये नोकरी केलीत आणि तुमचाच सिग्नल जातो?’ टोमणा बरोबर होता. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवतो आणि तुटणाऱ्या तारांचा इतिहास सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

इंदूरच्या माझ्या घरी राउटर दिवाणखान्यात आहे आणि डेस्कटॉप अभ्यासाच्या खोलीत. दोन्हींमधली केबल मीच ओढली, क्लिपाही मीच ठोकल्या. गेले दोन महिने डेस्कटॉपचं इंटरनेट येत-जात होतं. पूर्ण बंद पडलेली लाइन दुरुस्त करणं सोपं असतं. पण बघायला गेलं की चालू आणि पाठ फिरली की बंद, असा दोष माणसाचा अंत पाहतो.

कंपनीचा मुलगा तीनदा आला. राउटरपाशी तपासून दर वेळी म्हणायचा, “अंकल, लाइन तो ठीक है.” तिसऱ्या वेळी माझा पारा चढला. हा मुलगा काम न करताच ‘दुरुस्त’ अशी नोंद करतो, अशी लेखी तक्रार मी ठोकून दिली. आमच्या सौ. म्हणाल्या होत्या, “अहो, माझा मोबाइल तर स्वयंपाकघरात व्यवस्थित चालतोय.” मी ते कानाआड केलं.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे तारयंत्राचा पाया घातला तो विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टरने. १८३९मध्ये त्याने कलकत्त्यात मैलोगणती तार ताणून प्रयोग केले. १८५४मध्ये कलकत्ता ते आग्रा ही सुमारे ८०० मैलांची लाइन सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती जनतेसाठी खुली झाली. दिल्लीचं तार ऑफिस काश्मिरी दरवाजाबाहेर होतं. तिथून मेरठकडे जाणारी तार यमुनेच्या तळातून केबलने पलीकडे जायची.

१० मे १८५७, रविवार. सकाळी नऊला ऑफिस बंद झालं तेव्हा मेरठशी संपर्क होता. दुपारी चारला उघडलं तेव्हा तो नव्हता. पहिला संशय नदीतल्या केबलवर आला. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण सिग्नलर नदीपलीकडे गेले. केबल जिथे पाण्याबाहेर येते तिथे त्यांनी आपलं यंत्र जोडलं. दिल्लीचं ऑफिस बोलत होतं, मेरठ बोलत नव्हतं. म्हणजे केबल ठीक, दोष पुढे मेरठच्या बाजूला.

मंडळी, ही कृती नीट लक्षात घ्या. त्यांनी दोष शोधला नाही. दोष कुठे नाही, ते आधी पक्कं केलं. लाइनचे दोन भाग केले आणि एक भाग संशयातून मोकळा केला. महूला तरुण अफसर असताना आम्हालाही हेच शिकवलं गेलं. फील्ड टेलिफोन मुका झाला की लाइन पार्टी वाटेत थांबते, टेस्ट फोन जोडते, मागे विचारते, पुढे विचारते. ज्या बाजूने उत्तर येतं ती बाजू सोडायची आणि उरलेल्या लाइनचे पुन्हा दोन भाग करायचे.

त्या दोघांचं निदान अचूक होतं, पण तुटण्याचं कारण तांत्रिक नव्हतं. मेरठमध्ये उठाव झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसप्रमुख टॉड लाइन बघायला नदीकडे निघाला, तो परत आला नाही. त्याच दिवशी दिल्लीहून अंबाल्याला खबर गेली आणि तिथून ती पंजाबभर पसरली. उठावाच्या राजकारणावर आपण वेगळं बोलू. दिल्लीला लोथियन रोडवर त्या तार ऑफिसचं स्मारक आहे, कधी गेलात तर जरूर बघा.

आता याच्या उलट उदाहरण, पुढच्याच वर्षाचं. ऑगस्ट १८५८मध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सुमारे सोळा तास लागले! सिग्नल क्षीण होता, मध्येच यायचा, मध्येच विरायचा.

तिथे दोन माणसं होती. एक वाइल्डमन व्हाइटहाउस, कंपनीचा विद्युततज्ज्ञ, मूळचा डॉक्टर. त्याचा उपाय म्हणजे जोर वाढवा. मोठाली इंडक्शन कॉइल लावून त्याने अंदाजे दोन हजार व्होल्टचा दाब त्या केबलवर दिला. दुसरा विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेलेला. तो म्हणत होता, दाब कमी ठेवा, ऐकायचं साधन सुधारा. त्याने चिमुकल्या आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. अगदी क्षीण प्रवाह आला तरी आरसा किंचित वळायचा आणि मोजपट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरकायचा.

केबल मुळात सदोष होतीच. त्यात तो दाब. सुमारे तीन आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. पुढे चौकशी समिती बसली, केबलची बनावट आणि चाचणी सुधारली. १८६६मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने टाकलेली अटलांटिक केबल टिकली. त्याच जहाजाने १८७०मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली आणि समुद्रमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली.

आमच्या कोअरचं ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. व्हाइटहाउस तीव्र होता, चौकस नव्हता. तक्रार लिहिताना मीही तसाच होतो.

तिसरा प्रसंग आपल्या काळातला. डिसेंबर १९८३. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत माइक म्यूस यांना नेटवर्क विचित्र वागताना दिसलं. एका संध्याकाळी बसून त्यांनी छोटा प्रोग्राम लिहिला. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं, ‘पिंग’. आज तो जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो.

त्यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याने पिंगचं उत्तर आलं की संगणक मोठ्याने ‘पिंग’ ओरडेल अशी सोय केली आणि स्पीकरचा आवाज चढवला. मग तो इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवत गेला. एका ठिकाणी हात लागताच आवाज थांबला आणि लपलेला दोष सापडला.

हे आठवलं आणि मीही बसलो. डेस्कटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरच्या राउटरला सतत पिंग, दुसरीतून बाहेरच्या एका सर्व्हरला. हिशोब सोपा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही एकदम गप्प, तर दोष बहुधा माझ्याच घरात. शेजारी वही ठेवली आणि दर तुटीची वेळ लिहिली.

दोन दिवसांत सात तुटी. सातही वेळा दोन्ही खिडक्या एकदम गप्प. आणि सातही वेळा खोलीचं दार बंद होतं. केबल बिजागरीच्या बाजूने जाते, दार पूर्ण लावलं की चेपते. कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला ऐकू जाऊ नयेत म्हणून मी दार लावतो ते नेमकं रेकॉर्डिंगच्या वेळी. सौ.चा मोबाइल वायफायवर, त्याला ही केबल लागतच नाही. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच अर्धी लाइन संशयातून मोकळी केली होती.

नवी केबल दाराच्या चौकटीवरून नेली. त्यानंतर आजपर्यंत तूट नाही.

राहिला तो मुलगा. त्याला फोन केला तेव्हा कळलं, माझ्या तक्रारीमुळे त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह अडकला होता. कंपनीला लेखी कळवलं की दोष माझ्या घरातला होता, तक्रार मागे घेतो. त्याला घरी बोलावून चहा दिला आणि माफी मागितली. तो म्हणाला, “कोई बात नहीं अंकल, सब पहले हम पर ही चिल्लाते हैं.” हे वाक्य मला लागलं. तीन वेळा त्याने खरं सांगितलं होतं: लाइन ठीक आहे. तो आपली अर्धी बाजू तपासून देत होता. उरलेली अर्धी माझी होती.

तेव्हा मंडळी, तुमचं इंटरनेट येत-जात असेल तर आवाज चढवण्याआधी दोन खिडक्या आणि एक वही घेऊन बसा. पुढच्या रविवारी ठरलेला विषय घेऊ. दार लावूनच बोलेन.

जय हिंद.