आल्याच्या अर्काची बाटली

मंडळी, दारूबंदीवर वाद सुरू झाला की मला आल्याचा अर्क आठवतो. सांगतो का ते.

अमेरिकेत जानेवारी 1920 ते डिसेंबर 1933 देशभर दारूबंदी होती. सुरुवातीच्या वर्षांत सिरॉसिसने मरणारे कमी होते, हे आधीच मान्य करून टाकतो. बंदीने कुणाचंच भलं झालं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण पैसेवाल्यांना चोरटी व्हिस्की मिळत होती. गरिबाच्या हाती पडायची ती औषधाच्या दुकानातली 'जमैका जिंजर' ऊर्फ 'जेक'ची बाटली. जेमतेम 60 मिली, पण आत सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल! पोटदुखीवरचं औषध म्हणून कायद्याने चालायचं.

लोकांनी ते नुसतं पिऊ नये म्हणून सरकारने त्यात आल्याचा घट्ट अंश भरपूर असायलाच हवा, असा नियम केला. इतकं जहाल की घशाखाली उतरू नये. तपासनीस काय करायचा, तर अर्क उकळून उडवायचा आणि खाली उरलेलं वजन करायचा. वजन भरलं की पास. मग बनवणाऱ्यांनी आलं कमी करून काकवी, एरंडेल असलं काहीबाही घालायला सुरुवात केली. बॉस्टनच्या दोघा मेहुण्यांनी त्यासाठी एक रसायन निवडलं, ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट. लॅकर आणि प्लॅस्टिकच्या धंद्यातलं. ना वास, ना चव, उकळून उडतही नाही. तपासणीत झकास पास!

1930च्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या आणि मधल्या राज्यांत माणसं दवाखान्यांत येऊ लागली. आधी पोटऱ्या दुखायच्या, मग पावलं लुळी पडायची, काहींचे हातही. रसायनाने मज्जातंतूच जाळले होते. बाधितांचे अंदाज तीस हजारांपासून पुढे जातात. बहुतेक सगळे मजूर, बेकार, एकटे पुरुष.

त्या दोघांना हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची कैद झाली, तीही आधी स्थगित. पीडितांनी संघटना काढली, पण भरपाई काही मिळाली नाही.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. पाऊल उंच उचलून फटकन् आपटणारी ती चाल 'जेक लेग' म्हणून गावोगाव ओळखीची झाली. ब्लूज गायकांनी तिच्यावर गाणीही केली. म्हणजे रस्त्याने चालत निघालं, की हा चोरून प्यायला होता हे लांबूनच कळायचं. त्यामुळे कित्येक जण घराबाहेर पडेनासे झाले.