दिनविशेष : २६ जानेवारी १८५२ – नाणूस किल्ल्यावर दीपाजी राणे
वाळपईजवळचा पोर्तुगीजांचा नाणूस किल्ला दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी ताब्यात घेतला आणि सत्तरीच्या रानात साडेतीन वर्षे चाललेल्या झुंजीला तोंड फुटले. राणे मूळचे राजपूत, असे त्यांची कुलकथा सांगते; परंतु डिचोलीतील साखळी आणि शेजारची सत्तरी येथे त्यांचे वजन वाढले ते मोकाशामुळे, म्हणजे गावांचा महसूल वसूल करून उपभोगण्याच्या हक्कामुळे. सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत त्यांनी कधी एकाची, तर कधी दुसऱ्याची बाजू घेतली. डिचोली, सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली गेल्यावर मात्र मोकाशाच्या रक्षणासाठी त्याच सत्तेशी लढण्याची वेळ आली. पेडण्याच्या देशप्रभूंना त्याच दरबाराकडून व्हिस्काउंट हा किताब मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या काबिजादीतील, म्हणजे अठराव्या शतकात जिंकलेल्या मुलखातील, घराण्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

सरकारने ज्यांना बंडखोर ठरवले, त्याच दीपाजींना १८५५ च्या तहानंतर त्याच सरकारने कप्तानाचा हुद्दा आणि मानाची तलवार दिली, म्हणून ‘लुटारू’ हा सरकारी शब्द इतिहासकाराने जसाच्या तसा उचलणे अन्यायाचे आहे. जमिनीच्या उत्पन्नावरील हक्कातून बळावलेली घराणी इतरत्रही दिसतात; सिसिलीतही जमीनदारांच्या जमिनी खंडाने घेणाऱ्या मध्यस्थांतून माफियाची घराणी वाढली. सत्तरीतील लढा मात्र वतनाबरोबर रूढी-परंपरांच्या रक्षणाचाही होता, आणि पुढे १८६९ मध्ये कुष्टोबा राणे यांनी तो पुन्हा पेटवला.