वॉर्डनक्लिफचा मनोरा आणि अंतराचा हिशेब

निकोला टेस्लाचं बिनतारी विजेचं स्वप्न भांडवलदाराने मोडलं, असं आजही आवडीने सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचं काम सुरू झालं, त्यात जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर घातले, ते अटलांटिकपार संदेश पाठवण्यासाठी. त्याच डिसेंबरात मार्कोनीने कितीतरी साध्या सामग्रीवर तो पल्ला गाठला. पुढे टेस्लाने वीजही पाठवायचा बेत मांडला, तेव्हा मॉर्गनने हात आखडता घेतला. १८७ फुटी मनोरा १९१७ मध्ये कर्जापायी पाडला गेला. पण पैसा मिळाला असता तरी दूरचे दिवे लागले नसते, असं माझं मत आहे. आणि टेस्लाविषयी आदर असणाऱ्यांनीच ते मोकळेपणाने मांडायला हवं.

संदेशाला ऊर्जेचा कणभर अंश पुरतो. बाकीची वाटेत विखुरली तरी बिघडत नाही, कारण पलीकडची घंटा वाजते ती तिथल्याच बॅटरीवर. दिव्याला ही सवलत नाही. मोकळ्या पसरणाऱ्या लहरींची तीव्रता अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येते. यावर रास्त आक्षेप असा, की टेस्लाला लहरी हवेत सोडायच्याच नव्हत्या. पृथ्वीलाच कंप देऊन तिच्यातून वीज न्यायची होती, म्हणून तर मनोऱ्याखाली खोल विवर खणलं होतं. मात्र १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ शूमानने हिशेब मांडला, तो पृथ्वी आणि आयनांबराच्या मधल्या पोकळीच्या कंपनांचा. त्यातलं सर्वांत मंद कंपन सेकंदाला सुमारे आठ आवर्तनांचं असतं आणि चटकन विरतं. टेस्लाची यंत्रं याच्या हजारो पट वेगाने चालत. शिवाय ऊर्जा साऱ्या पृथ्वीवर पसरली, तर एका घराच्या वाट्याला येणार ती किती?

मग १९७५ च्या गोल्डस्टोनचं काय? कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात विल्यम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरवर तीस किलोवॅटहून अधिक वीज सूक्ष्मलहरींनी पोचवली. मोठंच यश होतं ते. लहरी झेलणाऱ्या पटलावर पडलेल्या ऊर्जेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जेची वीज झाली, म्हणजे रूपांतराचा प्रश्न जवळपास सुटला होता. पण प्रक्षेपक सुमारे साडेचारशे किलोवॅटचा होता आणि तबकडी २६ मीटर व्यासाची; तरीही झोताचा मोठा भाग पटलाबाहेर गेला. झोत अरुंद हवा तर तबकडी आणखी मोठी हवी, नाहीतर लहर आखूड. तळहाताएवढ्या फोनसाठी, तेही माणसं वावरतात अशा खोलीत, या दोन्ही वाटा लवकर अडतात, कारण फोनला पुरेसा झोत अंगावर घेणं सुरक्षित असेलच असं नाही.

२००७ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी झोताचा नादच सोडला. एकाच सुरात कंपणाऱ्या दोन वेटोळ्यांनी त्यांनी दोन मीटरवरचा साठ वॅटचा दिवा पेटवला, कार्यक्षमता सुमारे चाळीस टक्के. पण वेटोळी प्रत्येकी साधारण साठ सेंटिमीटर रुंद होती. आकार घटवला की पल्लाही घटतो. त्यामुळे बाजारात रुळल्या त्या फोन पाठीवर टेकवायच्या चकत्या. त्यांत दोन वेटोळ्यांमध्ये काही मिलिमीटरच अंतर असतं, आणि फोन जरासा सरकला तरी चार्जिंग मंदावतं, म्हणून नव्या चकत्यांत त्याला जागेवर धरायला लोहचुंबक बसवावे लागले.