कंटेनर वाहतूक : प्रतिमाने व पूर्वानुमान

जगातील बंदरांदरम्यान किती कंटेनर, कोणत्या मार्गाने व केव्हा जातील, याचा गणिती अंदाज बांधण्याची पद्धत. मोजणीचे एकक वीस फुटी कंटेनर (टीईयू). चाळीस फुटी कंटेनर दोन एकके धरतात. दोन देशांतील व्यापार अर्थव्यवस्थांच्या आकारमानानुसार वाढतो व अंतरानुसार घटतो, असे मानणारे गुरुत्व प्रतिमान यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडले. ते आजही पायाभूत आहे. त्यातून अंदाजलेला माल खर्च व वेळ पाहून जहाजमार्गांवर विभागतात. खरी मेख इथेच आहे. शांघायहून निघालेला कंटेनर वाटेत सिंगापूर किंवा कोलंबोला जहाज बदलतो; बंदरांच्या आकड्यांची नुसती बेरीज केली, तर तोच कंटेनर पुनःपुन्हा मोजला जातो. शिवाय अमेरिकेत भरून गेलेल्यांपैकी बरेच आशियात रिकामे परततात.

चिनी नववर्षाच्या सुट्टीतील मंदीसारखे हंगामी चढउतार कालश्रेणी-विश्लेषणाने सापडतात, अचानक बसणारे धक्के मात्र नाहीत. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले; २०२३ अखेरच्या तांबड्या समुद्रातील जहाजांवरच्या हल्ल्यांनंतर न्हावा शेवा बंदरातून युरोपला जाणारी अनेक जहाजेही आफ्रिकेला वळसा घालू लागली. अशा वेळी जहाजांवरील स्वयंचलित ओळख यंत्रणेचे ठावठिकाणा कळवणारे ताजे संदेश जुन्या आकडेवारीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. पण जहाजात कोणता माल आहे, हे त्यांतून कळत नाही.